सकळ लिपीची किल्ली

महानुभाव पंथाची जुनी पोथी प्रथमच उघडणाऱ्याची हमखास फसगत होते. अक्षरांचे वळण नागरीच्या घराण्यातले दिसते, म्हणून डोळा सवयीने वाचू लागतो आणि पहिल्याच शब्दाशी अडखळतो. अक्षर लागते, पण शब्द लागत नाही. माझी ही फसगत पंचविशीत झाली. एका ग्रंथसंग्रहालयात मी मोडी शिकायला जात असे. तेथे समोर आलेले एक पान मला मोडीचेच एखादे आडवळण वाटले. शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ हसले आणि म्हणाले, "अहो, हे वाचू नये म्हणूनच लिहिलंय."

त्या वाक्याने मला पुढे बरीच वर्षे कामाला लावले. मी गणिताचा पदवीधर नाही. कूटलेखनाचे शास्त्र मी पुस्तके चाळत, कागदावर आकडेमोड करत, चुकत शिकलो. या शास्त्रावरच्या बहुतेक पुस्तकांत रोमचा सीझर, जर्मनांचे एनिग्मा यंत्र आणि आजची बँक अशी वाट ठरलेली असते. मराठीत मात्र या शास्त्राचे सगळे मूळ प्रश्न ज्याच्यावर तपासून पाहता येतील, असे एक उदाहरण साडेपाचशे वर्षे जिवंत होते. त्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी पाहिले, पंथाच्या अभ्यासकांनी पाहिले. गुप्ततेचे शास्त्र म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले गेले.

आधी एक घोळ निस्तरू. मोडी ही गुप्त लिपी आहे असा समज आजही आढळतो. तो खरा नाही. मोडी ही घाईची लिपी आहे, टाक फारसा न उचलता भराभर लिहिण्याची. गावोगावचे कुळकर्णी ती वाचत. आज आपल्याला ती लागत नाही, कारण आपण ती विसरलो. न कळणे आणि कळू न देणे यांत फरक आहे. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, ती लपवण्याची रीत. व्यवहार चालू आहे हे सर्वांना दिसते, आकडा दिसत नाही. हेरोडोटसने गुलामाच्या मुंडण केलेल्या डोक्यावर निरोप गोंदवून केस वाढू दिल्याची कथा सांगितली आहे, तीही लपवण्याचीच. करपल्लवी याहून निराळी. हाताचा आकार वर्ग दाखवतो, फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, आणि बोटांची संख्या त्या वर्गातले अक्षर सांगते. येथे हात सर्वांसमोर हलतात, पण अर्थ संकेत जाणणाऱ्यालाच लागतो. लहानपणीची 'च'ची भाषाही याच जातीची: शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे 'च' लावायचा, म्हणजे 'घरात'चे 'चरातघ'. सकळ लिपी या दुसऱ्या कुळातली. पोथी समोर उघडी आहे, अर्थ बंद आहे.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची स्थापना केली. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, ते 'लीळाचरित्र'. मराठी गद्याचा एवढा जुना आणि एवढा मोठा ठेवा दुसरा नाही. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांचा एक प्रसंग 'स्मृतिस्थळा'त येतो. केशिराज हे संस्कृतचे जाणकार, त्यांना पंथाचा विचार संस्कृतात मांडावासा वाटत होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण असे की पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकल्या असत्या. ज्ञान सामान्य बाईमाणसांच्या भाषेतच राहिले पाहिजे, हा निर्णय मराठीच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

आणि त्याच पंथाने पुढच्या शतकात ते मराठी ज्ञान कुलूपबंद केले. 'सह्याद्रिवर्णन' काव्याचे कर्ते रवळोबास यांनी चौदाव्या शतकात सकळ लिपी सिद्ध केली असे मानले जाते. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा आणखीही लिप्या निघाल्या. पण बहुतेक शाखांत चालली ती सकळच. असे का केले याची कारणे अभ्यासकांनी निरनिराळी दिली आहेत. स्वाऱ्यांचा काळ होता, आणि लीळाचरित्राची मूळ प्रत अशाच धामधुमीत नष्ट झाली व ते आठवणीतून पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. चातुर्वर्ण्य आणि अनेक दैवतांची उपासना न मानणाऱ्या पंथाला सनातनी समाजाचा विरोध होताच. शिवाय शास्त्र अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये आणि बाहेरच्या लेखनिकाच्या हातून बिघडू नये, हाही हेतू सांगितला जातो. कारण कोणतेही धरा, म्हाताऱ्या बायकांना कळावे म्हणून मराठीत ठेवलेला ग्रंथ शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला कळू नये, अशी तजवीज झाली. हा विरोधाभास मला अजून सुटलेला नाही. आत आणि बाहेर अशी रेघ एकदा ओढली की भाषा कितीही लोकांची असली तरी लिपी रेघेच्या आतच राहते, एवढेच म्हणता येते.

आता यंत्रणेकडे येऊ. सकळ लिपीचे तत्त्व साधे: ठरलेल्या अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह. ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या निरोपांसाठी संज्ञालिपीचा उल्लेख आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' ही एक कला आहे, आणि तिच्यावर लिहिताना तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर 'मूलदेवीय' नावाची एक रीत सांगतो. तिच्यात अक्षरांच्या जोड्या लावलेल्या असतात: ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म, ल आणि स, य आणि श. जोडीतले एक आले की दुसरे लिहायचे. जोडीत नसलेली अक्षरे तशीच राहतात. मात्रा आपण आपल्या सोयीसाठी तशाच ठेवू. मग 'चालत'चे होते 'टासप'. 'शाल'चे होते 'यास'. 'मान'चे 'नाम' होते, आणि 'मामा' लिहायला जावे तर 'नाना' उभे राहतात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एक म्हणजे पद्धत: व्यंजनाच्या जागी व्यंजन घालणे. दुसरी म्हणजे किल्ली: कोणत्या व्यंजनाच्या जागी कोणते. पद्धत एकच ठेवून किल्ल्या कितीतरी करता येतात. किती, ते पाहू. मराठीत ळ धरून ३४ व्यंजने. 'क'साठी ३४ पर्याय, मग 'ख'साठी उरलेले ३३, मग ३२, असे शेवटपर्यंत. या सर्वांचा गुणाकार केला तर येणारी संख्या ३९ अंकी आहे. साधारण २९५ लिहून पुढे ३६ शून्ये द्यावीत, एवढी. आज जगभर बँका, सरकारे आणि आपले फोन जी एईएस नावाची पद्धत वापरतात, तिच्या १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्या साधारण ३४० वर ३६ शून्ये इतकी आहे. तीही ३९ अंकी. म्हणजे किल्ल्यांच्या संख्येत आपल्या व्यंजनांची सरमिसळ आणि आजचे सर्वमान्य कुलूप जवळपास शेजारी उभे आहेत. हा हिशेब प्रथम केला तेव्हा मी तो चारदा तपासला.

तरीही पहिले कुलूप हुशार शाळकरी मुलगा एका दुपारी उघडतो, आणि दुसरे एकेक किल्ली लावून आजवर कोणाला उघडता आलेले नाही. असे का, याचे उत्तर नवव्या शतकातल्या बगदादने दिले आहे, म्हणजे सकळ लिपी जन्मण्याच्या चारशेहून अधिक वर्षे आधी.

अल-किंदी हा तत्त्वज्ञ, गणिती, वैद्य. सांकेतिक लेखन उकलण्यावर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित इस्तंबूलच्या सुलेमानिये संग्रहात होते आणि ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांपुढे आले. त्याची युक्ती अशी: गुप्त मजकूर ज्या भाषेत आहे, त्याच भाषेतला एक साधा मजकूर घ्या. त्यात कोणते अक्षर सर्वांत जास्त वेळा येते, कोणते त्याच्या खालोखाल, हे मोजा. मग गुप्त मजकुरातली चिन्हे तशीच मोजा. सर्वांत जास्त आलेले चिन्ह म्हणजे बहुधा ते सर्वांत जास्त येणारे अक्षर. एवढेच. अक्षराने वेष बदलला, पण त्याची वारंवारता बदलली नाही. माणूस दाढीमिशी लावून आला तरी चाल तीच राहते, तसे हे.

मराठीत हा प्रयोग घरी करता येतो. कोणतेही पान घ्या आणि मात्रा मोजा. काना बाकीच्या मात्रांना मागे टाकून पुढे निघून जातो. व्यंजनांत र, त, न, क, ल ही मंडळी सतत हजेरी लावतात. ङ आणि ञ एकेकटे दिसतच नाहीत, झ आणि ढ चुकून. ही चढउतार म्हणजे भाषेचा ठसाच. ३९ अंकी किल्ल्यांतून एकेक लावून पाहायची गरजच उरत नाही. भाषा स्वतःच बोट दाखवते.

दुसरी वाट याहून सोपी: मजकुरात काय असणार याचा अंदाज. महानुभाव गद्यात चक्रधरांसाठी 'गोसावी' हा शब्द पानोपानी येतो. मूलदेवीय रीतीने तो लिहिला तर होतो 'खोलावी'. कुठल्याशा अनोळखी पोथीत 'खोलावी' हा आकार ओळीओळीला भेटू लागला, आणि पोथी महानुभावांची आहे हे आपल्याला ठाऊक असले, तर 'गोसावी' सुचायला किती वेळ लागेल? आणि तो सुचला की ख आणि ग, ल आणि स एकदमच हाती आले. ती अक्षरे सगळ्या पानावर भरली की पुढचा शब्द अर्धा उघडतो, त्यातून आणखी एखादे अक्षर मिळते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये एनिग्मा फोडणाऱ्यांनी नेमके हेच केले. जर्मन हवामान खात्याच्या निरोपात हवामानासाठीचा शब्द असणार, ही त्यांची 'गोसावी' होती. अर्थात त्यांच्यापुढचे यंत्र सकळ लिपीहून कितीतरी पटींनी अवघड होते, आणि त्याची पहिली कळ तर त्यांच्याही आधी, १९३२ साली मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने शोधली होती.

मग एवढी कच्ची लिपी शतकानुशतके टिकली कशी? याचे उत्तर लिपीत नाही. ती टिकली, कारण फोडणाऱ्याच्या हाती पोथीच पडत नव्हती. पोथ्या मठात, मठ पंथाच्या हाती. वाचायला शिकवायचे ते दीक्षितांना. बाहेरच्या माणसाला ना मजकूर मिळे, ना तो फोडण्याची निकड. पंथ पंजाबात गेला, तेथून काबूलपर्यंत पोहोचला, आणि जेथे गेला तेथे आपल्या मराठी पोथ्या याच लिपीत घेऊन गेला. भोवतालच्या लोकांना तर मराठीही कळत नव्हती. थोडक्यात, कुलूप नावापुरते होते. राखण करत होती ती भिंत.

भिंतीचे काम कुलूप करते आहे, असा भ्रम किती महागात पडतो, ते स्कॉटलंडच्या राणी मेरीने दाखवले. इंग्लंडमध्ये कैदेत असताना तिची पत्रे बिअरच्या पिंपाच्या बुचातून आतबाहेर जात. ती कूटलिपीत होती, अक्षरांना चिन्हे आणि काही शब्दांनाही स्वतंत्र चिन्हे. पण पिंपाची वाट वॉल्सिंगहॅमच्या माणसांनीच आखून दिलेली होती, आणि थॉमस फेलिप्स प्रत्येक पत्र उलगडून वाचत होता. त्याने मेरीच्या एका पत्राला तिच्याच कूटलिपीत ताजा कलम जोडला आणि कटात सामील असणाऱ्यांची नावे मागितली. साधे पत्र लिहायचे असते तर मेरीने चार शब्द जपून लिहिले असते. कूटलिपीवर भरवसा ठेवून तिने मोकळेपणे लिहिले. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला. कच्च्या कुलपापेक्षा उघडे दार बरे, कारण उघड्या दारात माणूस दागिने ठेवत नाही.

या सगळ्याचा सिद्धान्त मांडला तो ओगुस्त केर्कहॉफ्स याने, १८८३ साली, एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात. हा गृहस्थ मूळचा हॉलंडचा, पॅरिसमध्ये भाषा शिकवणारा. त्याने चांगल्या लष्करी कूटपद्धतीच्या सहा अटी दिल्या. त्यांतली दुसरी अमर झाली: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये. गुपित असेल ते फक्त किल्लीत. पुढे १९४९ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने हीच गोष्ट गणिताच्या पायावर बसवली आणि शत्रूला पद्धत ठाऊक आहे असे धरूनच चालावे, असे बजावले.

वरवर हे उलटे वाटते. पद्धतही लपवली तर दुप्पट सुरक्षितता नाही का मिळणार? सकळ लिपीकडे पाहा म्हणजे उत्तर मिळते. तिच्यात पद्धत आणि किल्ली यांची फारकतच नव्हती. एकच कोष्टक, सगळ्या पोथ्यांना, सगळ्या पिढ्यांना. ते एकदा बाहेर गेले की आजची पोथी उघडली, शंभर वर्षांपूर्वीची उघडली आणि पाचशे वर्षांपूर्वीचीही. घराचे कुलूप बदलता येते. पण सबंध गावाला एकच कुलूप असेल आणि ते बदलायचे म्हणजे घरेच पाडायची असतील, तर एक हरवलेली किल्ली गाव बुडवते. आज आपल्या फोनवरून जाणाऱ्या प्रत्येक संभाषणासाठी नवी किल्ली तयार होते आणि काम झाले की फेकली जाते, ती याच भयाने.

सकळ लिपीचे कोष्टक बाहेर गेले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. ती उलगडण्याचे श्रेय सामान्यतः इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना दिले जाते. वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त महानुभाव वाङ्मयाला जागा दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ साली आला. त्यानंतर ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी ग्रंथ संपादून छापले. हे सगळे बाहेरून चढाई करून झालेले नाही. पंथातल्या काही महंतांनीच पोथ्या पुढे केल्या, म्हणून ते घडले. आतल्या माणसांनी दार उघडणे ही इतिहासात फोडाफोडीपेक्षा कमी नाट्यमय, पण अधिक फलदायी गोष्ट असते.

दार उघडल्यावर काय दिसले? तोवर मराठीची सुरुवात 'विवेकसिंधु' आणि 'ज्ञानेश्वरी' यांपासून सांगत. आता त्याच काळातले भरघोस गद्य समोर आले, तेही बोलीच्या अंगाने जाणारे, संवादांनी भरलेले. महदंबेचे 'धवळे' आले आणि मराठीला तिची आद्य कवयित्री मिळाली. एवढा सगळा ऐवज पाचशे वर्षे मराठीतच होता आणि मराठीला ठाऊक नव्हता. मधल्या काळातल्या कोणा कवीने महदंबा वाचली असती तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक आहे हे मला कळते. तरी तो मनात येतो.

पंथालाही किंमत मोजावी लागली. शब्दकोशात 'मानभावी' हा शब्द पाहा. अर्थ: ढोंगी, वरून गोड. एका पंथाच्या नावाची अशी शिवी झाली. तिचे मुख्य कारण धार्मिक वैर हे निःसंशय. पण ज्यांचे ग्रंथ कोणी वाचलेच नाहीत, त्यांच्याविषयी काहीही पसरवता येते, आणि खोडून काढायला पुरावा द्यायचा तर तो सकळ लिपीत. गुप्तता जितकी पोथीची राखण करत होती, तितकीच अफवेचीही करत होती.

आता मघाच्या ३९ अंकी कोड्याकडे परत येऊ. एईएस टिकते आणि अक्षरबदल टिकत नाही, ते का? एईएस २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तीही खुल्या स्पर्धेतून, १५ पद्धती जगभरच्या तज्ज्ञांपुढे ठेवून, ज्याला फोडता येईल त्याने फोडावी असे आव्हान देऊन. जिंकली ती योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोघा बेल्जियनांची. केर्कहॉफ्सला याहून मोठी मानवंदना नाही. आणि गंमत अशी की तिच्या पोटात एक सकळ लिपीच बसलेली आहे: २५६ चिन्हांचे कोष्टक, या चिन्हाच्या जागी ते चिन्ह. हे कोष्टक गुप्त नाही, कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले असते. फरक पडतो तो त्यानंतर. बदललेली चिन्हे ओळीत सरकवली जातात, स्तंभांत एकमेकांत कालवली जातात, त्यांत किल्लीचा अंश मिसळला जातो, आणि हा सगळा खेळ पुन्हा पुन्हा, एकूण दहा फेऱ्या. शॅननने सांगितलेली दोन सूत्रे येथे कामाला येतात: किल्ली आणि निकाल यांचे नाते गुंतागुंतीचे करणे, आणि मूळ मजकुराच्या एका कणाचा परिणाम निकालभर पसरवणे. दुधात साखर विरघळते तशी अक्षराची वारंवारता त्यात विरघळून जाते. मग काना मोजायला हाती काही राहत नाही. मोठी किल्ली आवश्यक असते, पुरेशी मात्र नसते.

एक अडचण मात्र सकळ लिपीलाही होती आणि एईएसलाही आहे. किल्ली द्यायची कशी? पंथात ती गुरूकडून शिष्याकडे समोरासमोर जाई. पण कधीही न भेटलेल्या दोघांना, सगळे ऐकत असताना, गुपित ठरवायचे असेल तर? हजारो वर्षे सर्वांनी हे अशक्य धरले होते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी वाट दाखवली, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी आरएसए पद्धत मांडली. कल्पना अशी की प्रत्येकाने आपली उघडी कुलपे चव्हाट्यावर वाटून ठेवावीत. कोणीही निरोप पेटीत घालून कुलूप दाबावे. उघडायची किल्ली फक्त मालकाकडे.

कागदावर करून पाहू. ३ आणि ११ या मूळ संख्या, गुणाकार ३३. ३३ आणि ३ हे दोन आकडे मी जगजाहीर करतो. तुम्हाला मला 'घ' कळवायचा आहे, म्हणजे चौथे व्यंजन. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागले की बाकी ३१. एकतिसावे व्यंजन 'ष', ते तुम्ही उघडपणे पाठवता. माझी खासगी किल्ली ७. ३१ चा सातवा घात काढून ३३ ने भागला की बाकी पुन्हा ४. ही ७ मिळवायची तर ३३ चे अवयव ठाऊक हवेत. येथे ते पोरही सांगेल. पण सहाशेहून अधिक अंकांच्या संख्येचे अवयव काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला की ते आवाक्यात येईल, म्हणून नव्या पद्धतींची बांधणी आत्ताच सुरू झाली आहे.

हा शोध ब्रिटिश सरकारच्या गुप्त खात्यात आधीच लागला होता, हे जगाला कळले १९९७ च्या डिसेंबरात. जेम्स एलिस यांना १९७० मध्ये कल्पना सुचली, क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिला गणित दिले. खात्याने ती कपाटात ठेवली. बाहेरच्या लोकांनी तीच स्वतंत्रपणे शोधली आणि जगाने वापरली. घोषणा होण्याच्या काही आठवडे आधीच एलिस वारले होते. महदंबेची आठवण होते.

गुप्ततेइतकाच दुसरा प्रश्न मजकूर न बिघडण्याचा. सकळ लिपीने पाठ शुद्ध राहील अशी आशा होती, ती पुरी झाली नाही. लीळाचरित्राच्या प्रतींत पाठभेद भरपूर आहेत, शाखेशाखेला निराळे. झाकलेला मजकूर नकलताना चुकतोच, आणि झाकलेला असल्यामुळे ती चूक कमी डोळ्यांना दिसते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत, बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या हिशेबाने. गळती पकडायला ते ठीक, पण एका शब्दाच्या जागी तेवढाच दुसरा घातला तर संख्या तीच राहते. आज यासाठी मजकुराचा गणिती ठसा काढतात. एक वेलांटी बदलली तरी सबंध ठसा बदलतो. या ठशावर खासगी किल्लीने सही केली की मजकूर कोणाचा हेही सिद्ध होते. या कामात लपवाछपवी काहीच नसते. मजकूर उघडाच राहतो.

श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. सकळ लिपीचे कोष्टक छापील पुस्तकांत मिळते. राहिलेला प्रश्न सुंदरी, वज्र, शून्य यांसारख्या तिच्या बहिणींचा आहे. शॅननने हिशेब मांडला होता की इंग्रजीतला अक्षरबदल निःसंदिग्धपणे उकलायचा तर निदान पंचवीस-तीस अक्षरांचा मजकूर हवा. त्याहून कमी असेल तर दोन-तीन निरनिराळी वाक्ये सारखीच बरोबर बसतात आणि खरे कोणते ते गणित सांगू शकत नाही. आपल्या लिपीत व्यंजने अधिक, शिवाय मात्रा, म्हणजे मजकूर त्याहून अधिकच लागणार. पोथीच्या समासात दुर्मीळ लिपीत एवढीशीच नोंद असेल, एखादे नाव, एखादा शक, तर अल-किंदी तेथे हात टेकतो. ती वाचता येते ती फक्त ज्याला लिपी तोंडी शिकवली गेली आहे त्यालाच, आणि अशी माणसे आता थोडी आहेत, तीही वयस्क.

मला हसलेले ते गृहस्थ त्यांतलेच एक होते. मी मोडी पुरती शिकलो. त्यांच्याकडून ते पान वाचून घ्यायचे राहिले.